चाळीस सुरू आणि एक सुभद्रेचं

रेवेच्या वाडीत सुभद्रेशी हुज्जत घालायला कुणी धजत नसे. ती तोंडाने फटकळ होती म्हणून नव्हे. फटकळ बायका वाडीत घरटी दोन होत्या. पण हुज्जत घालताना माणसाचे हात थांबतात, आणि सुभद्रेचे कधी थांबतच नसत. समोरचा तावातावाने बोलून दमेपर्यंत तिचं पाच वाव सुंभ वळून झालेलं असे. मग ती गुंडी बाजूला ठेवी, पदराला हात पुशी आणि म्हणे, "झालां तुझां? आता माझां आयक." तोवर समोरच्याचं अर्धं बळ गेलेलं असे.

मालवणच्या उत्तरेला खाडी जिथे दर्याला मिळते तिथे ही वाडी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर बावीस घरं. चौदा हिंदूंची, आठ किरिस्तावांची. मोठी इगर्ज, म्हणजे चर्च, लांब मालवणात. वाडीत लाल कौलांचं, चुना काढलेलं लहानसं कपेल होतं, आणि सणावाराला पाद्री होडीतून येऊन तिथे प्रार्थना चालवीत. गणपतीत किरिस्ताव आरतीला उभे राहत आणि नाताळात हिंदूंच्या घरी नेवऱ्यांची ताटं येत, यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

विशेष एकच होतं, ती वाळू. वैशाखात वारा सुटला की ती घरात शिरे. पेजेत वाळू, पाटीत वाळू, विंचरलेल्या केसांत वाळू. सुभद्रेचं घर सगळ्यांच्या पुढे, आणि नेमकी घरासमोर दोन टेकाडांमधली घळ. तिथून वारा असा येई की एका उन्हाळ्यात तिची पडवी गुडघाभर बुजली. तिचा नवरा गणपत म्हणाला, "पुढच्या वर्सा कौलांतसून घरात उतराक लागतलां." सुभद्रेला हसू आलं नाही.

सत्तावन्न साली सरकारची माणसं आली आणि किनाऱ्यावर ओळीने सुरूची चाळीस रोपं लावून गेली. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. लावली आणि गेली. पाणी कोण घालणार, याचा कागदात काही उल्लेख नव्हता. ते काम सुभद्रेने कुणी न सांगता अंगावर घेतलं. दोन उन्हाळे डोईवर कळशी आणि कमरेवर कळशी अशा तिने खेपा केल्या. चाळीसपैकी एकही मेलं नाही. घळीच्या तोंडावर होतं ते सतरा नंबरचं. त्याला वारा सरळ उभं राहू देईना, म्हणून तिने गणपतच्या होडीचं एक वल्हं आणून त्याला टेकू म्हणून बांधलं. दोन पावसाळे वल्हं तिथेच. एकसष्ट सालापर्यंत सतरा नंबर दीड पुरुष उंच झालं, सोटासारखं सरळ, आणि घळीतून येणारी वाळू त्याच्या पायाशी बसायला लागली. सुभद्रेच्या पडवीत बोटभरही येईना.

आणि ह्याच सतरा नंबरवर इनास मेस्तचा डोळा गेला.

इनास होड्या बांधणारा सुतार. वाडीतली एकूण एक होडी त्याच्या हातची. कपेलाची सगळी व्यवस्था तोच बघे, आणि नाताळात कपेलात झाड उभं करायचं तेही त्याच्याकडे. पूर्वी टेकाडामागे जुन्या सुरूंचं बन होतं, त्यातलं एखादं पुरे. ते बन दर्याने खाल्लं. मग साठ साली इनासच्या मेव्हण्याने मुंबईहून कागदाचं झाड पाठवलं. छत्रीसारखं मिटायचं, छत्रीसारखं उघडायचं. पहिल्या दिवशी लोक दोन-दोन वेळा येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी दर्यावरचं दमट वारं त्याला बाधलं. तिसऱ्या दिवशी ते पावसात भिजलेल्या कोंबड्यासारखं मान टाकून उभं राहिलं आणि त्याचा रंग खालच्या गोठ्यावर ठिबकला. बाळ येशू वाचला, पण शेजारची मातीची पांढरी गाय हिरवीगार झाली. पाद्रींनासुद्धा हसू आवरेना. इनासने त्याच दिवशी कान पकडले : यापुढे कपेलात खोटं झाड येणार नाही. मग त्याने सरकारकडे अर्ज केला, चार वेळा मालवणला खेपा घातल्या, आणि एक सुरू तोडायची परवानगी मिळवली.

तुळशीच्या लग्नादिवशी सुभद्रा वृंदावनाला ऊस बांधत होती, तेव्हा तो कागद घेऊन अंगणात आला.

"ये इनासदादा, वेळेर इलंस. चिरमुरे खा."

"खातंय. पण आधी एक गजाल आसा गो. तुका सांगल्याशिवाय करूचां, तां माझ्या मनाक बरां वाटणा नाय." त्याने कागद उलगडला. "नाताळाक एक सुरू तोडूची परवानगी मिळाली."

"खंयचां?"

"सतरा नंबर."

सुभद्रेचे हात थांबले. गणपत पडवीत जाळं विणत होता. त्याने हे बघितलं आणि त्याचेही थांबले. लग्न झाल्यापासून असं त्याने एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा घराला आग लागली होती.

"ऱ्हवलेली एकोणचाळीस तुका दिसाक नाय?"

"सगळी वाऱ्यान वाकडी झाली हत गो. सतरा तेवढां सरळ. देवाच्या जन्माक वाकडां झाड लावू?"

"तां सरळ कित्याक आसा म्हायत आसा तुका? दोन पावसाळे माझ्या घोवाचां वल्हां तेका बांधललां होतां. ह्यो दोन वर्सां एका वल्ह्यान होडी मारी होतो. सरळ जाऊक बघी आणि गोल फिरा!"

"ह्यां खरां आसा," गणपत पडवीतून म्हणाला.

इनास हसला नाही. तो माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच पंचाईत होती. "सुभद्रे, माझ्यार राग धरू नको. पण खोटां झाड मी पुन्ना लावूचंय नाय. गेल्या वर्सा काय झालां तां सगळ्या वाडीन बघल्यान. अजून माका बाजारात लोक इचारतत, मेस्तनू, गाय दूध हिरवां देता काय!"

"कागदाचां नको. काथ्याचां लाव. मी करतंय."

"काथ्याचां?" आता मात्र इनास हसला, चांगला पोट धरून. "पायपुसणां करशीत तू काथ्याचां. झाड?"

सुभद्रेने उसाची गाठ मारली, पदराला हात पुसले. "झालां तुझां? आता माझां आयक. मी करतंय तां झाड बघून परको माणूस, ह्या वाडीतलो न्हय, आपल्या तोंडान तेका सुरू म्हणालो, तर सतराक हात लावचो नाय. कोण म्हणालो नाय, तर कुऱ्हाड मी सोता आणून दितंय तुझ्या हातात."

इनासने विचार केला. तो लाकडातला माणूस. आंबा, फणस, साग, ऐन डोळे मिटून हाताने ओळखायचा. काथ्याला झाड समजणारा माणूस जगात असेल हे त्याला पटेचना. "नाताळाच्या आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत," तो म्हणाला. "चार वाजता रखवालदार येतलो, तेच्यासमोर तोडूचां आसा. आणि कोणी तेका इचारूचां नाय, ह्यां काय आसा म्हणान. आपसूक म्हणाक व्हया."

"आपसूक," सुभद्रा म्हणाली. मग दोघांनी चिरमुरे खाल्ले, कारण लग्न ते लग्न.

दुसऱ्या दिवसापासून सुभद्रेच्या पडवीत कारखाना सुरू झाला. गणपतची मोडकी डोलकाठी झाली खोड. माडाच्या झावळांचे हीर काढले, ज्यांची आपण केरसुणी करतो ते, त्यांच्या झाल्या फांद्या. आणि सुरूची पानं म्हणजे तरी काय, लांब बारीक दोरेच की, खाली लोंबणारे. काथ्याचा एकेक धागा निवडून तिने तो हिराला गुंडाळायला घेतला. शेजारची विमला मदतीला आली आणि दोन दिवसांत बोटं सोलून घरी गेली. सुभद्रेच्या बोटांना काथ्याची सवय होती. खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं पुरून, महिन्यांनी काढून, मोगरीने कुटून काथ्या करण्यात तिचा जन्म गेला होता.

पण रंगवायची सवय कुणाला? हळद पिवळी, नीळ निळी, दोन्ही मिळून हिरवा, एवढं तिला माहीत. भात उकडायच्या हंड्यात पाणी चढवलं. काथ्या स्वच्छ निघावा म्हणून आदल्या दिवशी तिने तो राखेच्या खाराने खसाखसा धुतला होता. तो तसाच आधी हळदीत बुडवला. थोड्या वेळाने काठीने वर उचलला, आणि बघते तर लालभडक!

विमला दारात उभी. ती म्हणाली, "गो सुभद्रा, झाडाचां कुंकू लावन् लगीन करतंस काय?"

हळदीला खार लागला की तिचं कुंकू होतं, हे कोकणातल्या न्हात्याधुत्या पोरीला कळतं. सुभद्रेला कळत नव्हतं असं नाही, घाईत सुचलं नाही इतकंच. पण ही बातमी संध्याकाळपर्यंत होड्यांच्या मांडवात पोचली आणि इनास तिथूनच ओरडला, "सुभद्रे, नाताळ आसा गो, शिमगो नाय!"

तिने हंडा रिकामा केला. काथ्या तीन पाण्यांनी धुतला, चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवला, आणि पुन्हा हळद, पुन्हा नीळ. या खेपेला हिरवा आला. गणपतने लांबून बघितला, जवळून बघितला आणि जीव मुठीत धरून म्हणाला, "बरो आसा. पण राव्याचो शेपूट वाटता."

खरंच होतं. पोपटाने पाहिलं असतं तर शीळ घातली असती. सुभद्रेने हंडा तसाच ठेवला आणि सकाळी सतरा नंबरसमोर जाऊन वाळूत बसकण मारली. पेजेची वेळ टळली तरी ती तिथेच. गणपत बोलवायला गेला तर म्हणते, "बस हय. ह्या झाडाचो रंग सांग माका."

"हिरवो."

"नीट बघ मेल्या. चार वर्सां मीसुद्धा हिरवोच म्हणतंय. हिरवो खंय आसा? ओहोटीक खाडीचो चिखल दिसता ना, तसो आसा. वर वायच हिरव्याची फुंकर. आणि प्रत्येक काडयेच्या पेरार तपकिरी."

गणपतने पुन्हा पाहिलं आणि त्याला दिसलं. इतकी वर्षं या झाडाला टेकून त्याने विड्या ओढल्या होत्या.

मग तिने पोपटी काथ्या हिरड्याच्या पाण्यात काढला आणि वर खाडीचा काळा चिखल पातळ कालवून त्यातून एकदाच, हलक्या हाताने, फिरवला. वाळल्यावर तो असा झाला की ओंजळभर काथ्या घेऊन ती सतरा नंबरच्या फांदीत ठेवी आणि गणपतला म्हणे, "शोध." पहिल्या दिवशी गणपतला सापडला. चौथ्या दिवशी सापडला नाही. तो चिडून म्हणाला, "माका काय कामधंदो नाय?" सुभद्रा खूश झाली.

बावीस डिसेंबरला चार जणांनी झाड खांद्यावर घेऊन कपेलात नेलं आणि वाळू भरलेल्या पिंपात उभं केलं. नऊ फूट. शेंड्याला बारीक, खाली पसरट, एका अंगाला किंचित विरळ. कारण दर्याकडची बाजू नेहमी विरळच असते, हे तिने मुद्दाम केलं होतं. झाडांखाली पडलेली सुरूची बोंडं गोळा करून काजूच्या डिंकाने जागजागी चिकटवली होती.

इनास आला. झाडाभोवती एकदा फिरला, दोनदा फिरला. मान तिरकी करून खालून वर बघितलं. त्याची बायको रुजाय चांदण्या बांधायला टोपली घेऊन उभी होती, ती म्हणाली, "बघलंस? आता बोल."

"झाड बरां झालां," इनास हळूच म्हणाला. मग सावरून घेतलं, "पण माका कळलां."

"तुका म्हायत होतां म्हणान कळलां," सुभद्रा म्हणाली.

"म्हणानच परको माणूस म्हटलेलां."

आता परका माणूस आणायचा कुठून? एसटी थांबायची ती दोन मैलांवर, आणि वाडीत वाट चुकूनसुद्धा कुणी येत नसे. तेवीस तारखेला नशिबाने एक कासार बांगड्यांचा भारा घेऊन आला. बायकांनी त्याला मुद्दाम कपेलाच्या पायरीवर बसवलं, झाड समोर दिसेल असं. तो बांगड्या भरत होता, झाडाकडे बघतही होता. आता म्हणेल, मग म्हणेल. आणि गणपत! महिनाभर त्या काथ्यात राहून त्याला धीर धरवेना. तो पुढे झाला आणि म्हणाला, "काय हो, ह्यां झाड खरां वाटता काय तुमका?"

कासाराने हातातली बांगडी खाली ठेवली. असं विचारल्यावर कोण कशाला खरं म्हणेल? तो उठला, आत गेला, फांदीला हात लावला आणि हसला. "काथ्याचां! कितकां झकास केल्यात हो!"

"इचारल्यान! इचारल्यान!" इनास ओरडला. "आणि इचारूनसुद्धा तेणी खोटां म्हटल्यान!"

त्या दिवशी सुभद्रेने नवऱ्याला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातला शेवट एवढा होता, "उद्या चार वाजेसर तुझ्या तोंडातसून एक शब्द भायर पडलो, तर दुसरां वल्हां घेतलंय आणि तुकाच सतराक बांधतलंय."

चोवीस तारीख उजाडली. सकाळ गेली, दुपार आली. कुणी नाही. लांब वाटेवर एक माणूस दिसला, सगळे धावले, तर तो वाडीतलाच महादू, मिठबावला सोयरिकीसाठी गेलेला. इनासने मांडवात कुऱ्हाडीला धार लावायला घेतली. त्याला त्यात आनंद नव्हता, पण शब्द तो शब्द. दगडावर पातं घासल्याचा आवाज कपेलापर्यंत येत होता. सुभद्रा सतरा नंबरच्या खाली जाऊन बसली. हातात सुंभ होतं, पण आज वळताना पीळ सुटत होता.

अडीच वाजता रखवालदार पाटोळे आला. चारला यायचा, तो अडीचला. एसटी तेवढ्याच वेळेला होती. घाटावरचा माणूस, उंच, खाकी पोशाख, पायाला पट्ट्या गुंडाळलेले बूट. पाणी मागायला म्हणून तो कपेलाच्या पायरीवर चढला. बूट सोडायचे म्हणजे पाव तासाचं काम, म्हणून दारातूनच आत डोकावला. आणि तिथेच खिळला.

"मेस्त्री!" असा ओरडला की पायरीखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. इनास कुऱ्हाड घेऊनच धावत आला. "माझ्यासमोर तोडायचं असं कागदात स्पष्ट लिहिलेलं असताना, तुम्ही मी यायच्या आधीच सुरू तोडून आत उभंसुद्धा केलंत?"

सुरू! म्हणाला! आपसूक, स्वतःच्या तोंडाने! रुजायच्या हातातली चांदणी खाली पडली. गणपतचं तोंड उघडलं आणि सुभद्रा वाळूतून धावत येताना दिसली म्हणून मिटलं.

इनास मात्र सहजी हरणारा नव्हता. तो तिच्या कानाशी लागला. "ह्यां मोजूचां नाय हां. तो सुरू बघूकच इललो. आज तेका खांबो दाखवलो तरी सुरूच म्हणतलो."

सुभद्रेला वाटलं, हा म्हणतोय तेही अगदीच खोटं नाही. "बरां," ती म्हणाली. "बघूया आणखी काय म्हणता तां."

पाटोळे गणपतकडे वळला. "तुम्ही सांगा. कोणी तोडलं? कधी तोडलं?"

गणपतने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"बोलत का नाही? म्हणजे तुम्हाला माहीत आहे! चला, खोड दाखवा मला सतरा नंबरचं."

सगळी वरात किनाऱ्यावर निघाली. पुढे पाटोळे, मागे इनास, सुभद्रा, गणपत, आणि त्यांच्या मागे सगळी वाडी. घळीच्या तोंडावर सतरा नंबर आपल्या जागी उभं होतं, बिल्ला उन्हात चमकत होता. पाटोळेने बिल्ला वाचला. खोडाला हात लावला. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"अस्सं! परवानगी सतराची आणि तोडलंत भलतंच! हा तर मोठा गुन्हा झाला. कुठलं तोडलं? मीच शोधतो."

तो मोजायला लागला. एका टोकापासून चालत, बोट दाखवत, मोठ्याने. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. थांबला. टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली आणि दुसऱ्या टोकापासून मोजत आला. चाळीस. 

"मूळची किती लावली होती?"

"चाळीस," इनास म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

"शक्य नाही." पाटोळेने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि प्रत्येक खोडावर फुली मारत तिसऱ्यांदा मोजणी केली. या खेपेला सगळी वाडी त्याच्या सुरात सूर मिसळून मोजत होती, आणि आकडा जसजसा वर चढला तसतसा आवाजही. चाळीसला तर आरोळीच झाली. पाटोळे वाळूत उभा राहून एकदा झाडांकडे बघे, एकदा कपेलाकडे.

"बाई," तो सुभद्रेला म्हणाला, कारण हसत नव्हती अशी तेवढीच होती, "लावली चाळीस. उभी चाळीस. मग आत आहे ते कुठून आलं?"

"तां माझां."

"तुमचं म्हणजे? कुठे उगवलं?"

"माझ्या पडवीत."

"पडवीत सुरू उगवत नाही! बाई, मी बारा वर्षं झाडांत काढली. सुरू मला शिकवू नका. आतलं झाड सुरूच आहे, अस्सल सुरू आहे, दर्याकाठचा आहे. त्याची एक बाजू वाऱ्याने विरळ झालेली मी डोळ्यांनी पाहिली. एक्केचाळिसावं झाड कुठे होतं ते मुकाट्याने दाखवा!"

हे ऐकून इनासला आपलाच खांब आठवला. खांबाला कुणी विरळ बाजू बघत नाही. त्याने कुऱ्हाड वाळूत टेकवली, डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि पाटोळेच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"सायबानू, आणखी मोजू नकात. चाळीसच आसत. एक्केचाळिसावां काथ्याचां आसा, आणि मी हरलंय!" आणि मग तो जो हसायला लागला तो वाळूत बसेपर्यंत हसला. "बारा वर्सां झाडांत काढल्यानी सुभद्रे! आणि तू तेंका पायपुसण्याचो पंचनामो करूक लावलंस!"

गणपतला तोंड उघडायची मुभा मिळाली. त्याने एवढी मोठी आरोळी ठोकली की खाडीपलीकडल्या लोकांनी होड्या लोटल्या, कुणी बुडालं की काय म्हणून. विमलेने सुभद्रेला कवेत घेऊन उचललं. रुजाय नवऱ्याला म्हणाली, "ऊठ आता, आणि तिच्यासमोर कबूल कर." इनास उठला, वाळू झटकली आणि साऱ्या वाडीदेखत म्हणाला, "सुभद्रे, माझो हात लाकडात चलता. तुझो सगळ्यांत चलता."

पाटोळेला पटायला थोडा वेळ लागला. त्याने शेवटी बूट सोडले, पाव तास लागला तरी सोडले, आणि अनवाणी कपेलात गेला. एक फांदी हातात धरली, धागा ओढून बघितला, बोंड टोकरलं. मग मान खाली घालून म्हणाला, "बाई, बारा वर्षं वाया गेली माझी."

"तसां नाय सायबानू," सुभद्रा म्हणाली. "तुमी बारा वर्सां हजार झाडां बघल्यात. मी चार वर्सां एकच बघलंय."

इनासने परवानगीचा कागद त्याच्या हातात परत दिला. अर्जदाराला झाडाची गरज उरलेली नाही, असं पाटोळेने त्याच्यावर लिहिलं, खाली इनासची सही घेतली, आणि साक्षीदार म्हणून सुभद्रेचा अंगठा घेतला. मग तो जायलाच तयार होईना. रुजायने दिलेल्या नेवऱ्या खात तो एसटी चुकवून बसला आणि होडीने गेला.

दुसऱ्या दिवशी नाताळ. कपेलात माणूस मावेना. हिंदूंच्या बायका दरवर्षी दाराशी उभ्या राहत, पण त्या सकाळी रुजायने सुभद्रेचा हात धरून तिला थेट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. पाद्रींना होडीतच सगळी हकीकत कळली होती. ते झाडाकडे बघत आणि मधेच ओठ दाबत. फिडल वाजायला लागलं, गाणं सुरू झालं, किरिस्ताव बायकांचा आवाज कौलांना जाऊन भिडला. आणि तेवढ्यात सुभद्रेच्या नजरेला पडलं की पाटोळेने काल धरलेली खालची फांदी वाकडी झाली आहे.

तिने दोन ओळी सोसलं. तिसऱ्या ओळीला ती उठली. गाणाऱ्यांच्या मधून वाट काढत झाडापाशी गेली, खाली बसली, फांदी सरळ केली, दोन धागे उलगडून पुन्हा पिळले, चार पावलं मागे सरून मान तिरकी करून बघितलं. गाणं केव्हाच थांबलं होतं. फिडलवाल्याचा हात हवेत, पाद्री हात जोडून उभे, साठ-सत्तर माणसं वाट बघताहेत. सुभद्रेला बरं वाटलं. तिने पदराला हात पुसले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "झालां. आता म्हणा."

आणि त्यांनी म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.